शाळेलाही शिवार असते



या सदरात आपण पिकांबद्दल, पाण्याबद्दल, कर्जाबद्दल बोलतो. आज शाळेबद्दल बोलायचे आहे, आणि तीही सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतल्या. आता आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली मुले-मुली तिकडे नोकरीला गेली आहेत. नातवंडे तिथल्या शाळेत जातात. फोनवर मुलगा सांगतो, "आई, घर घेतलं. स्कूल डिस्ट्रिक्ट चांगलं आहे." आईला वाटते, डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा. जिल्हा चांगला म्हणजे पाऊसपाणी बरे असेल! तेव्हा हे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. त्यातून आपल्या गावच्या शाळेलाही काही घेण्यासारखे आहे आणि काही टाळण्यासारखेही आहे.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे नावात 'पब्लिक स्कूल' असले की ती बहुधा भरपूर फी घेणारी खाजगी शाळा असते. तिकडे उलटे. पब्लिक स्कूल म्हणजे लोकांची शाळा. लोकांच्या करातून चालणारी, शिकवणीची फी न घेणारी. अमेरिकेतली बहुसंख्य मुले याच शाळांत शिकतात.

या शाळांचे मूळ शेतीतच आहे. १७८५ साली तिथल्या सरकारने पश्चिमेकडच्या जमिनीच्या मोजणीचा कायदा केला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस तुकडा आखायचा, त्याचे ३६ भाग पाडायचे, म्हणजे एकेक भाग ६४० एकरांचा. त्यातला सोळावा भाग शाळेसाठी राखून ठेवायचा. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असे, तशी ही शाळेची जमीन समजा. गाव वसण्याआधीच शाळेची तरतूद झाली.

पुढे शेतकऱ्यांनी जागोजागी एका खोलीच्या शाळा उभ्या केल्या. एकच शिक्षक किंवा शिक्षिका, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले एकाच खोलीत. कित्येक ठिकाणी शिक्षकाचे राहणे-जेवण पाळीपाळीने शेतकऱ्यांच्या घरी असे. जेवढ्या शिवारातली मुले त्या शाळेत येत, तेवढा त्या शाळेचा डिस्ट्रिक्ट. म्हणजे डिस्ट्रिक्टचा अर्थ आपला महसुली जिल्हा नव्हे, तो शाळेचा शिवार. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एकट्या इलिनॉय राज्यात असे सुमारे १२ हजार डिस्ट्रिक्ट होते. नंतर रस्ते झाले, शाळेच्या गाड्या आल्या, लहान शाळा एकमेकींत विलीन झाल्या. आज त्या राज्यात साडेआठशेच्या आसपास उरले आहेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शिकागो शहराच्या पश्चिमेला नेपरव्हिल आणि अरोरा ही गावे आहेत. एकेकाळी तिथे मक्याची आणि सोयाबीनची शेते होती, आज बंगल्यांच्या वसाहती आहेत. तिथे 'इंडियन प्रेअरी डिस्ट्रिक्ट २०४' नावाचा शाळा-शिवार आहे. तीन लहान ग्रामीण डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन १९७२ साली तो झाला. तेव्हा आजूबाजूला शेतेच शेते होती. आज तिथे २५ हजारांच्या वर मुले शिकतात. वीसएक प्राथमिक शाळा, सात मधल्या वर्गांच्या शाळा आणि तीन मोठी हायस्कुले. बालवर्ग ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी मधली शाळा आणि नववी ते बारावी हायस्कूल, अशी तिथली मांडणी आहे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा डिस्ट्रिक्ट नगरपालिकेच्या हाताखाली नाही. त्याची हद्द गावाच्या हद्दीशी जुळतही नाही. नेपरव्हिल गावाचा काही भाग २०४ मध्ये येतो, तर काही भाग शेजारच्या २०३ मध्ये. शिवाय २०४ ची हद्द दोन काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, पसरली आहे. आपल्याला हे नवे नाही. महसुली गाव एक, कालव्याची वितरिका दुसरी, आणि सोसायटीचे कार्यक्षेत्र तिसरेच, असे आपण रोज पाहतो.

कारभार कसा चालतो? आपल्या विकास सोसायटीसारखा. सोसायटीत सभासद संचालक निवडतात आणि संचालक पगारी सचिव नेमतात. तसेच तिथे मतदार शाळा-मंडळ निवडतात. इलिनॉय राज्यात अशा मंडळावर सात सभासद असतात, मुदत चार वर्षांची. विषम सालांतल्या एप्रिलमध्ये निवडणूक होते. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. सभासदाला पगार वा मानधन मिळत नाही. ज्याच्या घरात शाळेत जाणारे मूल नाही, त्यालाही मत आहे, कारण कर तोही भरतो.

हे मंडळ एक सुपरिंटेंडेंट नेमते. तो शिक्षणातला जाणकार, करारावर नेमलेला पगारी माणूस. त्याच्या हाताखाली अभ्यासक्रम पाहणारे, हिशेब पाहणारे, नोकरभरती पाहणारे अधिकारी. प्रत्येक शाळेला मुख्याध्यापक. मंडळाने धोरण ठरवायचे, अंदाजपत्रक मंजूर करायचे, रोजचा कारभार मात्र सुपरिंटेंडेंटने पाहायचा. अर्थात मंडळ मनाला येईल ते करू शकत नाही. किती दिवस शाळा भरवायची, शिक्षकाची पात्रता काय, परीक्षा कोणत्या, हे राज्य सरकार ठरवते.

मंडळाच्या सभा उघड्यावर होतात. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका किमान ४८ तास आधी लावावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो. अंदाजपत्रकाचा मसुदा मंजुरीआधी किमान ३० दिवस लोकांना पाहायला खुला ठेवावा लागतो आणि त्यावर जाहीर सुनावणी घ्यावी लागते.

आता पैशाचे बघू. शाळेला पैसा तीन वाटांनी येतो. थोडा दिल्लीसारख्या मध्यवर्ती सरकारकडून, काही राज्याकडून आणि मोठा वाटा तिथल्याच घरजमिनीच्या करातून. कराच्या बिलावर प्रत्येक संस्थेचा आकडा वेगळा छापलेला असतो. काउंटीचा इतका, ग्रंथालयाचा इतका, शाळेचा इतका. नेपरव्हिलसारख्या ठिकाणी एकट्या शाळेचा वाटा अर्ध्याहून जास्त असतो. आपला पैसा कुठे जातो ते माणसाला बिलावरच दिसते, म्हणून तो सभेला जाऊन प्रश्न विचारतो.

शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट सांगतो. इलिनॉयमध्ये शेतजमिनीवरचा कर तिच्या बाजारभावावर बसत नाही. मातीची उत्पादनक्षमता किती, त्यावर आकारणी होते. शेजारी बंगले उठले आणि जमिनीचा भाव गगनाला भिडला, तरी कसणाऱ्याला त्या भावाने कर पडत नाही.

पण जमीन विकायची वेळ आली की भाव भावच असतो. तिसऱ्या हायस्कूलसाठी २०४ ला कर्ज काढायचे होते. त्यासाठी मतदारांना विचारावे लागते. एकदा त्यांनी नकार दिला. २००६ साली पुन्हा विचारले, तेव्हा सुमारे साडेबारा कोटी डॉलरच्या कर्जाला होकार मिळाला. मग जागा हवी होती. डिस्ट्रिक्टने सुमारे ५५ एकर जमीन सक्तीने संपादन करायचे ठरवले. मालक कोर्टात गेले. २००७ साली तिथल्या ज्युरीने, म्हणजे कोर्टाने बसवलेल्या नागरिकांच्या पंचांनी, एकरी पाच लाख डॉलरच्या वर भाव ठरवला. एवढा भाव डिस्ट्रिक्टच्या हिशेबात नव्हता. त्यांनी तो नाद सोडला, दुसरीकडे स्वस्त जागा घेतली आणि २००९ साली तिथे शाळा सुरू केली. मग कोणत्या वसाहतीची मुले कोणत्या शाळेत जाणार यावरून पालकांत भांडणे जुंपली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. शाळेच्या हद्दीवरून बांधासारखी भांडणे तिकडेही होतात!

शाळेच्या पिवळ्या गाडीबद्दलही सांगितले पाहिजे. ती खेड्यातल्या मुलांसाठीच घडली. फ्रँक सायर हे ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एक परिषद भरवली. गाडीचा रंग कोणता, बांधणी कशी, हे तिथे ठरले. पहाटेच्या अंधुक प्रकाशात काळी अक्षरे पिवळ्यावर चांगली दिसतात, म्हणून तो रंग. इलिनॉयच्या २०४ सारख्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळेपासून दीड मैलावर, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरवर वा त्याहून लांब राहणाऱ्या मुलाला ने-आण फुकट द्यावी लागते. लहान शाळा मिटवल्या, पण गाडी दिली. आपल्याकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा २०२३ साली झाली. ती चर्चा गावात निघेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या पोरी जाणार कशा? रस्त्यावर ओढा आहे, पावसाळ्यात काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. शाळेचा पैसा घरजमिनीच्या किमतीवर अवलंबून असला की काय होते? जिथे महागडी घरे, तिथे कमी दराने कर लावला तरी पोते भरते. जिथे गरिबांची घरे, तिथे जास्त दराने कर भरूनही ओंजळ रिकामीच.

टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे शहर आहे. तिथे एडगवुड हा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा डिस्ट्रिक्ट, आणि अलामो हाइट्स हा सुखवस्तू उपनगराचा. १९६७-६८ सालचे कोर्टात मांडलेले आकडे बघा. एडगवुडचे लोक मालमत्तेच्या १०० डॉलर किमतीमागे १ डॉलर ५ सेंट कर भरत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. तरी स्थानिक करातून मुलामागे एडगवुडला मिळत २६ डॉलर आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि मध्यवर्ती सरकारची मदत धरून एडगवुडच्या मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत, अलामो हाइट्सच्या मुलामागे ५९४. खडकाळ रानाला सारा जास्त आणि पाण्याची पाळी कमी, असाच हा न्याय.

डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हे पत्र्याचे काम करणारे कामगार. त्यांनी आणि इतर पालकांनी १९६८ साली दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले. पण १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. लोक थांबले नाहीत. पुन्हा राज्याच्या कोर्टात गेले आणि १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ही पैशाची पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध आहे. इलिनॉयनेही २०१७ साली कायदा बदलून राज्याचा वाढीव पैसा गरजू डिस्ट्रिक्टकडे आधी वळवायचे ठरवले. पण दरी पुरती बुजलेली नाही. म्हणून तर तिकडे गेलेला आपला मुलगा घर घेताना आधी शाळेची हद्द पाहतो. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर महाग, आणि ज्याला ते घर परवडत नाही त्याच्या लेकराला ती शाळाही नाही.

मंडळी, आता आपल्याकडे वळू. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार देते. दुष्काळी गाव असो की बागायती, वेतनश्रेणी तीच. गावाच्या श्रीमंतीवर गुरुजींचा पगार ठरत नाही. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. अमेरिकेतले गरीब पालक जे कोर्टात मागत होते, त्यातला काही भाग आपल्याला आधीच मिळालेला आहे.

आपले उणे आहे ते दुसरीकडे. शाळेवर आपला अधिकार आहे, पण आपण तो वापरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे, हे तिचे काम आहे. पण सभा कधी झाली हे कित्येक सभासदांनाच ठाऊक नसते. सहीचे रजिस्टर घरी येते आणि माउली अंगठा नाहीतर सही करून मोकळी होते.

तेव्हा कोट्यवधी डॉलर सोडा, चार गोष्टी करा. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, समितीवर कोण आहे त्यांची नावे शाळेच्या भिंतीवर लावायला सांगा. दुसरी, सभेचे विषय दोन दिवस आधी फळ्यावर लिहायला लावा, आणि सभा मजूर पालकांना सवडीची असेल अशा वेळी घ्या. तिसरी, यंदा अनुदान किती आले, कशावर गेले, हे सभेत मोठ्याने वाचून घ्या. चौथी, समितीवरच्या भगिनींनी रजिस्टर घरी आले तर सही करू नये. "मी सभेला येते, तिथे करते," असे सरळ सांगावे.

पिकाची पाहणी आपण बांधावर उभे राहून करतो, घरात बसून करत नाही. पोरांच्या शिक्षणाचेही तसेच आहे. शाळेच्या शिवारात महिन्यातून एक फेरी मारा. मास्तरांशी बोला, मुलाला वाचून दाखवायला सांगा, पाण्याची टाकी आणि मुलींचे स्वच्छतागृह पाहून या. धनी फिरकत नाही त्या रानात तण माजते, हे तुम्हाला मी काय सांगावे?