हॉटेलला नाही, मोकळ्या जागेतल्या भटारखान्याला विरोध

वडाळेकर, जरा वाचा. आमच्या इमारतीखाली हॉटेल आलं तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. खाली वाणी, इराणी, पिठाची गिरणी आणि वर बिऱ्हाडं, मुंबई अशीच वाढली. पण आता भटारखाना दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत आलाय. सिलिंडर तिथेच, एक्झॉस्टची घरघर मध्यरात्रीपर्यंत.

ही जागा रिकामी 'पडलेली' नाही, मुद्दाम 'ठेवलेली' आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीचा धडा घेऊन त्याने दादर-माटुंगा-वडाळा हवा-उजेड राखून आखलं. आग लागली तर बंबवालेही इथूनच येणार. कमला मिलच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला १४ जीव गेले, विसरलो का आपण?

"पोरांच्या पोटावर पाय नको," असं काहीजण म्हणतात. बरोबरच आहे. हॉटेल चालू दे, भटारखाना आत घ्या. निवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तीही पाळा.

मंजूर नकाशा आणि परवाना मी माहितीच्या अधिकारात मागतोय. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. भांडण नको, कागद बघू. तुमच्या गल्लीतही असंच असेल तर तुम्हीही अर्ज टाका.