गुराबीला रंग कुठला?

लाकडी जहाजांची मॉडेलं करणाऱ्या मंडळींत एक वाद कायम धुमसत असतो. मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, त्याच जातीचा. जहाजाला रंग द्यायचा, की लाकूड तसंच उघडं ठेवायचं?

ज्यांनी हे उद्योग केलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. किटचा डबा उघडला की आत प्लायवुडचा कणा निघतो, त्यावर आडव्या बसणाऱ्या फासळ्या, आणि पातळ पट्ट्यांच्या जुड्या. पहिला थर मऊ लाकडाचा, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा. पट्टी पाण्यात भिजवायची, गरम करून वाकवायची, टोकाला निमुळती तासायची आणि चिकटवायची. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक लावायची, नाहीतर अख्खा कणा पिळतो. मग पॉलिश पेपर. मग वरचा थर, बहुतेक वेळा अक्रोडाच्या लाकडाचा, आणि पुन्हा पॉलिश पेपर. यात दोन-तीन पावसाळे सहज जातात. एवढं झाल्यावर कोणी म्हणालं की आता यावर रंग फास, तर जीव होत नाही. माझाही झाला नव्हता. पहिलं जहाज मी नुसतं वॉर्निश मारून कपाटावर ठेवलं.

आता मात्र माझं मत बदललंय. रंग द्यावा. आणि हे मी फक्त शोभेसाठी म्हणत नाहीये.

या छंदातलं सगळ्यात लाडकं जहाज म्हणजे ब्रिटनचं 'व्हिक्टरी'. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनचं, आणि आज पोर्ट्समथला जपून ठेवलेलं. एकास बहात्तर प्रमाणात ते करायचं म्हटलं तर तोफांचा खालचा डेकच ७९ सेंटिमीटरचा होतो आणि त्यावरचा खलाशी अडीच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. मूळ जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोरखंड होते असं सांगतात. बहात्तरने भागा, म्हणजे तुमच्या वाट्याला पाचशे ऐंशी मीटर दोरा आला. (बायकोला हा आकडा आधी सांगू नये.)

तर हे 'व्हिक्टरी' मूळचं ओकचं. मॉडेलात ओक चालत नाही, कारण त्याचे रेषे या प्रमाणात फार मोठे दिसतात. म्हणून आपण अक्रोड वापरतो. म्हणजे 'मी खरं लाकूड दाखवतोय' असं म्हणणाऱ्याचं लाकूडच मुळात बदली कामगार असतं. शिवाय ते जहाज रंगवलेलं होतं. ते तपकिरी चमकदार रूप कोणत्याही खलाशाने कधी पाहिलेलं नाही. रंग न देणं हा तटस्थपणा नव्हे, तर उत्तर टाळणं आहे.

मग यावर हमखास प्रश्न येतो, की बरोबर रंग कोणता हे कोणी सांगायचं? इथे खरी गंमत आहे. वर्षानुवर्षं 'व्हिक्टरी'चे पट्टे गडद पिवळे होते आणि जगभरच्या लोकांनी आपापली मॉडेलं तशीच रंगवली. मग जहाजावरच्या रंगाच्या जुन्या थरांचा अभ्यास झाला आणि २०१५ साली खुद्द जहाजच बऱ्याच फिकट रंगात रंगवलं गेलं. स्वीडनच्या 'वासा'चीही तीच कथा. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातून बाहेर पडता पडता बुडालेलं हे जहाज १९६१ साली वर काढलं. आधी समज असा, की मागची बाजू निळी आणि शिल्पं सोनेरी. पुढे लाकडावरचे रंगाचे कण तपासले, तर पार्श्वभूमी निघाली लाल आणि शिल्पं चक्क रंगीबेरंगी. आपल्या देवळांच्या गोपुरांसारखी!

म्हणजे ज्यांच्याकडे मूळ जहाज आहे त्यांचंसुद्धा चुकतं. पण ते रंग देतात, चूक कळली की दुरुस्त करतात, आणि दुरुस्त केलं म्हणून सांगतात. आमच्या धंद्यात याला पुढचं व्हर्जन म्हणतात. पहिल्या व्हर्जनमध्ये बग असतात म्हणून कोणी सॉफ्टवेअर पाठवायचं थांबत नाही.

आता हे सगळं सांगायचं कारण. घरी येणारा प्रत्येक जण कपाटावरचं जहाज बघतो, कौतुक करतो, आणि मग विचारतो, "आपलं कुठाय?" बरोबर आहे. आंग्र्यांच्या कोकणातला माणूस नेल्सनचे दोर का ओवत बसलाय?

याचं एक कारण कागद. युरोपातल्या गोदीत आराखडा काढून जहाज बांधायची पद्धत रुळली आणि ते आराखडे जपले गेले. त्यांच्यावरूनच किट निघतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या सागवानी 'ट्रिंकोमाली'चा आराखडाही इंग्लंडहून यायचा होता. तो 'जावा' जहाजावर होता, आणि 'जावा' १८१२ साली अमेरिकनांशी लढताना गेलं. मग दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि १८१७ साली जहाज पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. आपल्या किनाऱ्यावरचे मेस्त्री मात्र कागदावर नाही, नजरेने आणि पिढीजात प्रमाणांनी जहाज बांधत. आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ साली विजयदुर्गाखाली जळून गेलं. कागदही नाही, जहाजही नाही.

ही पोकळी कोण भरतं? प्रदर्शनातली, दुकानातली ती 'मराठा आरमारा'ची जहाजं. मी पाहिलेल्यांपैकी बरीचशी सरळसरळ युरोपियन गॅलियन असतात. उंच मागची बाजू, तीन डोलकाठ्या, चौकोनी शिडं, आणि वर भगवा. खाली पाटी 'गलबत'. ते पाहून माझं डोकं फिरतं. कारण यात आपला मोठेपणा वाढत नाही, उलट पुसला जातो.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलेलं वर्णन उपलब्ध आहे. गुराब लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत जाणारी, आणि नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे झेपावलेली. डोलकाठ्या बहुधा दोन. दोन तोफा थेट नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की ही गलबतं गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, जिथे त्याच्या तोफा कमी. सगळी युक्ती त्या आकारात आहे. आकार बदलला की युक्तीच दिसेनाशी होते, आणि पोराच्या डोक्यात कायमचं बसतं की आपलं आरमार म्हणजे त्यांच्याच जहाजांवर आपलं निशाण.

दुसऱ्या टोकाला जाणकार मंडळी. पुरावा पूर्ण नाही तोवर काही करू नये, असं त्यांचं म्हणणं. मला हेही पटत नाही. तुम्ही हात आखडलात की गॅलियन जिंकतं.

म्हणून मी गुराब करायला घेतली आहे. किटशिवाय, एकास बहात्तर, दोन डोलकाठ्यांची. आणि ती रंगवणार आहे. पाण्याखालचा भाग पांढुरका, कारण चुना आणि तेलाचा लेप द्यायची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे. वरचा भाग तेल प्यायलेल्या सागाचा काळपट तपकिरी. हा अंदाज आहे. बैठकीवर दोन रकाने कोरणार आहे: एकात 'वर्णनावरून', दुसऱ्यात 'माझा अंदाज'. दुसरा रकाना लांब होईल, होऊ दे. उद्या कोणी पुरावा आणला तर पॉलिश पेपर आहेच घरात.

पाहुण्यांना उत्तर देता आलं पाहिजे, बस्स. सध्या सातवी पट्टी पाण्यात भिजतेय.