पुरांत बुडालेलें इंजिन व आमची सुशिक्षित मंडळी

"आतां तिच्यांत कांहीं राम उरला नाहीं, भंगारांत देऊन टाका." ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर हें वाक्य आम्हीं सांगलींत इतक्या वेळां ऐकिलें कीं, त्याची मोजदाद ठेवणें आम्हीं सोडून दिलें. त्या महिन्यांत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें होतें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट मानतात, एवढ्यावरून परगांवच्या वाचकांस कल्पना यावी. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्लीं चिखलानें माखलेल्या दुचाकी गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि त्यांच्या मालकांस उपदेश करणारांचे दोन पंथ निर्माण झाले. पहिला पंथ म्हणे, भंगारांत द्या. दुसरा म्हणे, प्लग पुसा, दोन किका मारा, सुरू होईल. हे पंथ वरवर पाहतां एकमेकांचे वैरी. परंतु आमच्या मतें ते सख्खे भाऊ होत. इंजिन उघडून आंत पाहण्याचे कष्ट दोघांसहि नकोत. जुलै २०२१ मध्यें सांगलींत पुन्हा पाणी शिरलें, त्याच पावसांत चिपळूणहि बुडालें, आणि दोन्ही उपदेश जसेच्या तसे पुन्हा कानीं आले. म्हणून या प्रश्नाचा एकदां नीट निकाल लावावा असें आम्हांस वाटतें.

हा वाद आम्ही त्रयस्थपणें घालीत नाहीं. आमच्या कनिष्ठ बंधूंची येझदी रोडकिंग, म्हणजे २५० सी. सी. ची टू-स्ट्रोक मोटारसायकल, त्यांच्या पश्चात् आमच्या पडवींत उभी असे. तरुणपणीं तिचे दिवे व मडगार्ड काढून ते मातीच्या मैदानांतील शर्यतींत धांवत आणि रात्रीं कोपरें सोलून घरीं येत. ती गाडी २०१९ सालीं सात दिवस पाण्याखालीं होती. पाणी उतरतांच आम्हींहि एका पदवीधर स्नेह्याचें ऐकून तिला तीन किका मारल्या. चौथ्या खेपेस पाय खालीं जाईना. नंतर ज्या वृद्ध मिस्त्रींकडे गाडी ढकलीत नेली, त्यांचा पहिलाच प्रश्न, "सर, किक मारली का कुणी?" आम्हीं होकार दिला. ते कांहीं बोलले नाहींत. नुसती मान हालवून त्यांनीं पाना हातीं घेतला. तीस वर्षें विद्यार्थ्यांस नापास करीत आलों, परंतु नापास होणें म्हणजे काय, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. फोर-स्ट्रोक इंजिनांत तळाशीं तेलाचा सांठा असतो व पंप तें तेल सर्व भागांस पुरवितो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकला असा सांठा नाहीं. तेथें तेल पेट्रोलांतच मिसळतात. हवा, पेट्रोल व तेल यांचें मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या बंद पोकळींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, ओढलें जातें. पिस्टन खालीं आला कीं तें बाजूच्या वाटांनीं वर सिलिंडरांत चढतें. जातां जातां जो तेलाचा अंश अंगास लागेल, तेवढ्यावर क्रँकचीं बेअरिंगें जगतात. ज्या खोलींतून इंजिनाचा श्वास जातो, त्याच खोलींत त्याचा कणाहि राहतो. पुराचें पाणी कार्ब्युरेटरांतून किंवा सायलेन्सरांतून शिरलें कीं याच खोलींत उतरतें आणि गाळासह तळाशीं बसतें. बेअरिंगच्या पोलादी गोळ्या, कनेक्टिंग रॉडचें मोठें टोक, सारें त्या पाण्यांत! शिवाय पाण्याखालीं हवा थोडी, म्हणून तेथें लोखंड सावकाश गंजतें; पाणी ओसरून ओल व हवा एकत्र आली म्हणजे गंज झपाट्यानें चढतो. यासाठीं पुरांतल्या सात दिवसांपेक्षां पुरानंतरचे सात दिवस अधिक घातक असतात.

हें लक्षांत घेऊन प्लग पुसणाऱ्या पंथास आम्ही विचारतों कीं, प्लग कोरडा झाला म्हणजे बेअरिंग कोरडें झालें काय? पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें असतां इंजिन जोरानें फिरविलें तर रॉड वांकण्याचें भय. गाळ हा तर पॉलिश-पेपरचा भाऊ; पिस्टन हालला कीं तो भिंती खरवडूं लागतो. आणि गाडी सुरू झालीच तर परिणाम अधिकच वाईट! आमच्या गल्लींत दूध घालणाऱ्या एका गृहस्थांची जुनी टू-स्ट्रोक गाडी कोणा दुकानदारानें अशीच 'सुरू करून' दिली. पांचव्या आठवड्यांत भर रस्त्यांत मोठ्या टोकाचें बेअरिंग फुटलें आणि रॉडनें क्रँककेसला भोंक पाडलें. जें काम नवा रॉड व नवीं बेअरिंगें घालून भागलें असतें, त्याला आतां क्रँककेसच नवी हवी. ती मिळेना, आणि गाडी भंगारांत गेली. दूध मात्र रोज पोंचवावयाचेंच होतें. तें त्यांनीं कित्येक महिने सायकलवरून पोंचविलें. दुसऱ्या पंथानें आपलें गिऱ्हाईक पहिल्या पंथाच्या दारीं असें नेऊन सोडलें.

आतां भंगारपंथी. यांचें म्हणणें असें कीं, जुनें यंत्र एकदां बुडालें म्हणजे मेलें. यास उत्तर आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. कॉलेज सुटल्यावर पंधरा दिवस आम्ही मिस्त्रींच्या दुकानांत लाकडी पेटीवर बसून काम पाहत होतों. गिअरबॉक्सचें तेल काढलें, तें दुधाळ चहासारखें बाहेर आलें. प्लगच्या भोंकांतून डिझेल व तेल ओतून सिलिंडर दोन दिवस भिजत ठेविला, तेव्हां कोठें पिस्टन सुटला. क्रँककेस बेतानें तापविली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, त्यामुळें ठोकाठोक न करितां बेअरिंगें निघालीं. त्यांतील एक बोटानें फिरवून मिस्त्रींनीं आमच्या हातीं दिलें. तें जात्यांत वाळूचे खडे पडावे तसें करकरत होतें. आम्हीं तीन किका मारल्या त्या याच बेअरिंगांवर!

पुढें क्रँकचें काम. क्रँक म्हणजे दोन जड चकत्या व त्यांस जोडणारी पिन. प्रेसखालीं त्या वेगळ्या करून नवी पिन, नवे रोलर व नवा रॉड बसविला. नंतर क्रँक लेथच्या दोन टोकांमध्यें धरून, डायल गेजखालीं फिरवीत, तांब्याच्या हातोडीनें सरळ करावयाची. येथें चूक मोजावयाची ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. चूक किती आहे तें गेज सांगतें; ठोका कोठें व केवढा द्यावा तें हातानेंच शिकावें लागतें. सिलिंडर बोअर करून अर्ध्या मिलिमीटरनें मोठा पिस्टन घातला. तत्पूर्वीं सिलिंडरांतील वाटांच्या धारा कानशीनें मोडल्या, नाहींतर रिंग त्यांत अडकून तुटते. शेवटीं क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील बदलले. हा क्षुद्र तुकडा फाटला तर बाहेरची हवा आंत शिरून मिश्रण विरळ होतें, पिस्टन तापतो व जाम होतो. म्हणून सर्व वाटा बंद करून, सायकलच्या पंपानें आंत हवा भरून, ती टिकते कीं नाहीं हें पाहूनच मिस्त्रींनीं कार्ब्युरेटर जोडला. सातव्या किकेस इंजिन बोललें. जें मेलें म्हणून सांगण्यांत आलें होतें, त्याच्या दुरुस्तींत अशक्य असें कांहींच नव्हतें. वेळ व समज मात्र पाहिजे होती.

अलीकडे एक तिसरा पंथहि उदयास आला आहे. येझदीचें मूळ घराणें जावा, प्राग शहरांत १९२९ सालीं निघालेलें. तिचा म्हैसूरचा कारखाना १९६१ पासून १९९६ पर्यंत चालला. पुढें २०१८ सालीं जावा व २०२२ सालीं येझदी हीं नांवें नव्या फोर-स्ट्रोक गाड्यांवर बाजारांत परत आलीं, आणि जुन्या गाड्यांचाहि भाव वधारला. तेव्हांपासून टाकीस रंग व सायलेन्सरास क्रोम देऊन छायाचित्र काढणें यालाच कित्येक जण जीर्णोद्धार समजूं लागले आहेत. ज्या देवळाचा कळस झळकतो आणि गाभाऱ्यांत वटवाघळें नांदतात, त्याला आम्ही जीर्णोद्धार म्हणत नाहीं. याच घराण्याशीं जोडलेल्या सी. झेड. च्या टू-स्ट्रोक गाडीवर ज्वेल रोबेर या बेल्जियन स्वारानें १९६४ सालीं २५० सी. सी. वर्गाचें मोटोक्रॉसचें जगज्जेतेपद मिळविलें, तें चिखलांत. क्रोमच्या झळाळीवर नव्हे.

दोन आक्षेप मात्र रास्त आहेत. टू-स्ट्रोक इंजिन धूर अधिक ओकतें, हें खरें. आमच्या देशांतील धुराचे नियम २००० सालानंतर कडक होत गेले व तीं इंजिनें मोटारसायकलींतून नाहींशीं झालीं, याबद्दल आम्हांस खेद नाहीं. सर्वांनीं पुन्हा अशा गाड्यांवर बसावें असें आम्ही म्हणत नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. आमच्या गाडीस जो खर्च आला तो तिच्या बाजारभावाशीं ताडून पाहतां शहाणपणाचा ठरणार नाहीं, हेंहि आम्ही कबूल करितों. ज्याला हिशेब करून गाडी मोडीत काढावयाची असेल त्यानें ती खुशाल काढावी. पण आधीं उघडून पाहावी, मग हिशेब करावा. न पाहतां केलेल्या हिशेबास आम्ही आळस म्हणतों.

आणि हा आळस विशेषेंकरून आम्हां सुशिक्षितांचा आहे, म्हणूनच हा लेख. पाण्यानें पुस्तकें भिजलीं तर आम्ही एकेक पान सोडवून वाळवितों. यंत्र भिजलें तर त्याकडे पाठ फिरवितों, कारण त्यांतील विद्या हात काळे केल्यावांचून येत नाहीं. मिस्त्रींची दृष्टि आतां अधू झाली आहे. त्यांच्या हाताखालीं कोणी मुलगा नाहीं. जे आले ते भाग बदलण्याचें काम शिकून मोठ्या दुकानांत गेले, क्रँक सरळ करावयास कोणी थांबला नाहीं. पूर पुन्हा येईल, त्याविषयीं कृष्णाकांठीं कोणास शंका नाहीं. त्या वेळीं किक मारूं नका. प्लग काढून आंत तेल ओता. आणि गाडी उघडणाऱ्या माणसाकडे तांतडीनें न्या. परंतु असा माणूस तेव्हां गांवांत असावा, अशी इच्छा असेल तर पूर नसतांना त्याच्या दुकानाची पायरी चढावी लागेल; आपल्या मुलांस तेथें घटकाभर बसवावें लागेल. आमच्या चिरंजीवांस आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत तेथें बसविलें. ते काळे हात घेऊन घरीं आले, तेव्हां आमच्या बंधूंच्या सोललेल्या कोपरांची आम्हांस आठवण झाली.