आग्र्याचा किल्ला उरकू नये

डिसेंबरच्या सहलीचा विषय विश्वस्त मंडळापुढे आला की नेहमीची सूचना येते : ग्वाल्हेरहून आग्रा जेमतेम सव्वाशे किलोमीटर, तेव्हा ताजमहाल, किल्ला आणि फत्तेपूर सिक्री एकाच दिवसात उरकून घ्यावे. यंदा आमचे मत वेगळे आहे. सिक्री सोडावी आणि किल्ल्याला पुरते तीन तास द्यावेत.

कारण सांगतो. मागच्या सहलीत किल्ल्याच्या वाट्याला पाऊण तास आला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, महाराजांना कुठे कोंडलं होतं?" गाइडने तत्परतेने एक अंधारी खोली दाखवली. मुलांनी तिथे हात जोडले. आम्हाला खरे काय ते ठाऊक होते, पण बस सुटायची होती, म्हणून गप्प राहिलो. ते बरे झाले नाही. महाराज १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात आले आणि झालेला अपमान सहन न होऊन तिथून निघाले. नंतर पहारा बसला तो किल्ल्याबाहेर, रामसिंहाच्या छावणीजवळच्या त्यांच्या मुक्कामाभोवती. ऑगस्टमध्ये ते निसटले तेही तिथूनच. किल्ल्यात बंदिवान होता तो शहाजहान, मुसम्मन बुर्जात, १६५८ पासून. महाराज येण्याच्या काही महिने आधीच तो वारला. त्या मुलीला आम्ही हे वर्गात जाऊन सांगितले, पण ते किल्ल्यातच सांगायला हवे होते.

आणखी एक. १७८५ मध्ये हा किल्ला महादजी शिंद्यांनी घेतला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांच्याच फौजेकडून जिंकला. ग्वाल्हेरच्या मुलांना हे माहीत नसावे, याचे आम्हाला वाईट वाटते. म्हणून यंदा गाइड न करता इतिहासाच्या बाईंनीच माहिती सांगावी.

आता पालकांसाठी थोडे. प्रवेश अमरसिंह दरवाज्यातूनच. दिल्ली दरवाज्याकडचा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण ओळखपत्र दप्तरात नव्हे, गळ्यात हवे. आग्र्यात डिसेंबरच्या सकाळी धुके इतके असते की बुर्जावरून ताजमहाल दिसतच नाही. तेव्हा आधी जहांगिरी महाल आणि दिवाण-ए-आम सावकाश पाहावे, बुर्ज शेवटी. फोटो काढायचाच तर बाहेर पडल्यावर समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे सर्वांचा एक काढू. डबे बसमध्येच ठेवावेत, कारण दुपारी ताजमहालात खाण्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो, म्हणून आम्ही शनिवार सुचवला आहे.

सिक्री पुढच्या वर्षी पाहू. मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय आम्ही पुन्हा मांडणार आहोत.