पाळणाघर हा हक्क आहे, उपकार नव्हे

नोकरी करणाऱ्या आईबापांनी मुलांना 'क्वालिटी टाइम' द्यावा, असा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. जवळ घ्या, गोष्ट सांगा, मोबाईल बाजूला ठेवा. सल्ला खोटा नाही. पण तो नेमका कोणासाठी आहे?

मुलुंड-अंधेरीच्या टॉवरमधली आई निर्धास्त कामावर जाते, कारण तिचे बाळ सांभाळायला वस्तीतून एक बाई येते. त्या बाईचे स्वतःचे बाळ कोणाकडे असते? शेजारणीकडे, नाहीतर दहा वर्षांच्या ताईकडे. त्या ताईची शाळा बुडते, याची नोंद कोणी घेत नाही. आणि लोकलमधून लोंबकळत रात्री घरी पोचलेल्या त्या आईलाच 'मुलांवर संस्कार नाहीत' असे ऐकवले जाते!

जॉन बोल्बी यांच्यापासून सुरू झालेला अभ्यास सांगतो की बाळाला भरवसा वाटायला हाकेला धावून येणारे, रोजचे, ओळखीचे माणूस लागते. ते माणूस आईच हवे असे नाही; बाप, आजी, पाळणाघरातली ताईही चालते. म्हणजे प्रश्न आईच्या मायेचा नाही, व्यवस्थेचा आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला.

आज काय आहे? २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा दिली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने ५० कर्मचारी कुठून आणायचे? अंगणवाडी तर काही तासांत सुटते.

म्हणून आमची मागणी साधी आहे: प्रत्येक वस्तीत पूर्ण दिवसाचे सरकारी पाळणाघर, आणि तिथे पुरेशा पगाराच्या कायम ताई.

थोडे आपल्या माणसांनाही सांगायचे आहे. जयंतीला वर्गणी काढणाऱ्या बापाने घरी बाळाला भरवावे. आणि दिवसभर कुलूप असलेली आपली विहारे पाळणाघरासाठी उघडावीत. समतेची सुरुवात तिथूनही होते.

जय भीम!