पबमधील वादक : कलावंत की कामगार?

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री उत्तर गोव्यातील हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा बळी गेला. मृतांमध्ये पर्यटक थोडे होते. बहुतेक जण तेथेच राबणारे कर्मचारी होते. आग दिसू लागली तेव्हा मंचावर कार्यक्रम चालू होता आणि वादक आपापल्या जागी होते, हे नंतर सर्वत्र दाखविल्या गेलेल्या चित्रफितीत आपण पाहिले. त्याच वर्षी १६ मार्च रोजी उत्तर मॅसेडोनियातील कोचानी या गावी एका क्लबात वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगात आला असता शोभेच्या ठिणग्यांनी छत पेटले व सुमारे साठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मंचावरील गायक व त्याचे साथीदारही होते. आपल्या मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले, ती जखमही अद्याप विस्मरणात गेलेली नाही.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर परवाने, अनधिकृत बांधकामे आणि अधिकाऱ्यांचे संगनमत यांची चर्चा होते. ती व्हावयासच हवी. परंतु मंचावर गिटार घेऊन किंवा डीजेच्या टेबलामागे उभा असलेला तरुण कोणाचा कोण, त्याला त्या जागेचे मागील दार तरी ठाऊक होते काय, आणि त्याला काही झाले तर भरपाई कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आम्हांस तो विचारावासा वाटतो, कारण हा तरुण आपल्या ओळखीचा आहे. वसईपासून वांद्र्यापर्यंत आणि गोव्याच्या गावागावांत रविवारच्या मिस्साला कीबोर्ड वाजविणारी मुले शनिवारच्या रात्री कोठे वाजवितात, हे धर्मग्रामात सर्वांना ठाऊक असते. त्याविषयी मोठ्याने मात्र कोणी बोलत नाही.

वस्तुतः हे नाते जुने आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडून ज्या शाळा चालत, तेथे मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकविली जाई. व्हायोलिन आणि गायनवृंदासाठी दिलेली ती विद्या पोटापाण्यासाठी मुंबईस आली, आणि हॉटेलांच्या नृत्यदालनांतून व संस्थानिकांच्या बँडांतून गोमंतकीय ख्रिस्ती वादक दिसू लागले. ट्रम्पेटवादक अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे त्यांतील ठळक नाव. रात्री ताजमहाल हॉटेलात वाजविणारा हा माणूस दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात असे. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ मधील पाश्चात्त्य ठेका ज्यांना आवडला, त्यांनी त्याचे श्रेय या रात्रपाळीच्या वादकांनाही द्यावयास हवे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने क्लबांची रया गेली तेव्हा स्टुडिओंनी या मंडळींना हात दिला. पुढे सिंथेसायझर आला आणि स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद ओसरले. दर वेळी कायदा किंवा यंत्र यांपैकी एकाने वादकाची जागा बदलली, आणि दर वेळी त्याने दुसरी शोधली. आता शोधावयास जागा थोड्या उरल्या आहेत.

आजची व्यवस्था कशी चालते ते पाहू. पब किंवा क्लब वादकाला नोकरीवर ठेवत नाही. तो रात्रीच्या हिशेबाने मानधन देतो, आणि तेही अनेकदा मधल्या कार्यक्रम-संयोजकामार्फत. लेखी करार विरळाच, बहुधा मोबाइलवरील दोन ओळींचा निरोप असतो. गर्दी जमली नाही किंवा पोलिसांनी कार्यक्रम थांबविला, तर पैशांची खात्री नाही. डीजेने कन्सोल, लॅपटॉप, हेडफोन स्वतःचे आणावयाचे आणि बिघडले तर स्वतःच दुरुस्त करावयाचे. चौघांच्या बँडपेक्षा एकटा डीजे मालकाला स्वस्त पडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस बँड आणि उरलेले दिवस डीजे, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी दिसते. डिसेंबरात हातात दिवस पुरत नाहीत आणि पावसाळ्यात हात रिकामे. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सर्वांत आधी बंद झालेल्या व सर्वांत उशिरा उघडलेल्या जागांत या जागा होत्या. त्या काळात कोणत्या रजिस्टरात या वादकांची नावे होती? कोणत्याच नाही.

या बाबतीत कायदा अगदीच मुका आहे असे नाही, पण तो वादकाच्या बाजूने जाता जाता वळण घेतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य यांविषयीच्या संहितेत ‘दृक्-श्राव्य कामगार’ अशी व्याख्या असून तीत वादक व गायक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ती व्याख्या चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिराती, वेबमालिका अशा निर्मितीपुरती आहे. म्हणजे तोच ड्रमवादक दुपारी मालिकेसाठी वाजवितो तेव्हा त्या व्याख्येत बसतो आणि रात्री पबमध्ये वाजवितो तेव्हा बसत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेतील ‘गिग कामगार’ ही व्याख्या पुरेशी रुंद आहे. गंमत म्हणजे गिग हा शब्दच मुळी जाझ वादकांच्या बोलीतून आला. परंतु त्या तरतुदीचा पैसा मुख्यतः भाडोत्री गाड्या, घरपोच जेवण अशा सेवा जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या उलाढालीतून यावयाचा आहे. पबमालक त्यांत येत नाही. ज्यांचा शब्द उचलला, तेच दाराबाहेर राहिले.

न्यायालयांनी मात्र एक महत्त्वाची गोष्ट केली आहे. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा बारमध्ये मंचावर चार स्त्रिया व चार पुरुषच असावेत, अशी परवान्याची अट होती. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्त्री-पुरुषांचे ठरावीक प्रमाण रद्द ठरविले. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण त्यांत कोण किती हे आता संयोजक ठरवितो. स्त्रीचे रक्षण करावयाच्या नावाखाली तिचे कामच काढून घेऊ नये, असा या निकालाचा गाभा आहे. आमच्या मते तो डान्स बारच्या जुन्या वादापेक्षा अधिक सरळ आणि अधिक उपयुक्त निकाल आहे, तरी त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

आता रात्री दहाचा नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भक्कम आधार दिला. झोपू पाहणाऱ्या रुग्णाच्या व अभ्यास करणाऱ्या मुलाच्या बाजूने हा नियम आहे, आणि आम्ही त्याच्या बाजूने आहोत. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा उघड्या मैदानात असेल तर ती दहापूर्वी आटोपती घेण्याची सवय आपल्या अनेक चर्चनीही लावून घेतली आहेच. परंतु या नियमाचा एक परिणाम नीट पाहिला जात नाही. दहानंतर संगीत चालू ठेवावयाचे तर जागा बंदिस्त हवी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या झाकल्या जातात, भिंतींना व छताला आवाज शोषणारे अस्तर लावले जाते. त्यांतील स्वस्त प्रकार भराभर पेटतात आणि विषारी धूर सोडतात. ध्वनीची तपासणी एक खाते करते, अग्निशमनाची दुसरे, आणि या दोन्हींच्या मध्ये मंचावरचा माणूस सापडतो. मंच बहुधा दारापासून सर्वांत दूरच्या भिंतीशी असतो, हे पुढच्या वेळी कोणीही डोळ्यांनी पाहावे.

कानांचे काय, हेही येथेच सांगितले पाहिजे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली, ती चार घटका करमणुकीस येणाऱ्या श्रोत्यासाठी. डीजे त्याच आवाजात चार-पाच तास, आठवड्यातून अनेक रात्री उभा असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. प्रथम कानात शिटी वाजत राहते आणि मग गर्दीत समोरच्याचे बोलणे कळेनासे होते. संगीतकाराचे भांडवलच ते. वादकांसाठीचे कानातील बोळे बाजारात मिळतात, ते सर्व स्वर थोडे थोडे खाली आणतात, त्यामुळे सूर बिघडत नाही. आमच्याकडील मुले महागड्या हेडफोनवर खर्च करतात, पण या बोळ्यांवर करीत नाहीत.

राहता राहिला प्रश्न आपल्या घरांचा. मुलगा पबमध्ये वाजवितो म्हटले की सोयरिकीची बोलणी अडतात. दारूच्या सान्निध्याची आई-बापांना वाटणारी भीती खोटी नाही. रात्री उशिरा सुटणारे काम, शेवटची लोकल गेल्यावर पहाटेच्या गाडीची वाट, ग्राहकाने पुढे केलेला पेला आणि मुलींच्या बाबतीत परतीचा रस्ता, या साऱ्यांची काळजी वाटणारच. पण काळजी आणि तुच्छता या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयी व विश्रांतीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात रात्रपाळीच्या वादकाला वगळलेले नाही. त्याच मुलाला चर्चच्या सणाला, लग्नाला, वर्धापनदिनाला आपण बोलावितो आणि ‘आपलाच आहे’ म्हणून विनामोबदला वाजवावयास लावतो, तेव्हा पबमालकावर टीका करण्याचा आपला अधिकार कितपत उरतो?

धर्मग्रामांतील युवा संघटनांना एक काम सहज करता येण्याजोगे आहे. एका पानाचा मराठी करारनामा तयार करून ठेवावा. त्यात तारीख, वेळ, मानधन, निम्मी रक्कम आगाऊ, कार्यक्रम रद्द झाल्यास काय, रात्री परतीचे वाहन कोणाचे आणि मंचाजवळील बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, एवढे रकाने असावेत. सही करावयास मालक नकार देईल तर ती माहितीही मोलाची आहे. ३१ डिसेंबरची बोलणी ऑक्टोबरात सुरू होतात. तेव्हा हा कागद त्यापूर्वी मुलांच्या हाती पडलेला असावा.