पाळी, पोळी आणि भाकरी

मुलींच्या पाळीविषयी बोलताना घरात अजूनही आवाज खाली येतो. तीन-चार महिने पाळी आली नाही, तर “वयच तसं आहे, होईल नीट” म्हणून वेळ मारून नेली जाते. लग्नाची बोलणी सुरू झाली की मात्र आईचा जीव खालीवर होतो. मी काही डॉक्टर नव्हे, समाजशास्त्र शिकवते. पण रोज तरुण मुलींत वावरत असल्याने अशा गोष्टी कानावर येतातच.

बी.ए.च्या वर्गात अशीच एक मुलगी होती. चेहरा फिकट, जिना चढला की धाप. लोहाच्या गोळ्या दोन वर्षे चालू, तरी हिमोग्लोबिन वाढेना. पोट सारखे फुगायचे आणि पाळी चार-पाच महिन्यांतून एकदा. अखेर एका डॉक्टरांनी वेगळी रक्ततपासणी सांगितली आणि निदान झाले – सिलिएक.

गहू, जव यांसारख्या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. पोळीच्या कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. सिलिएक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतड्याची बारीक लव झडते. मग कितीही सकस खाल्ले तरी लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम अंगी लागत नाही. शरीर असे उपाशी राहिले की बीजकोशांना मेंदूकडून मिळणारे इशारे मंदावतात. पाळी उशिरा सुरू होणे, मध्येच थांबणे, वारंवार गर्भपात, लवकर पाळी जाणे या तक्रारींमागे काही जणींच्या बाबतीत हे कारण सापडते. इटलीत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिएक असलेल्या शंभरांपैकी सुमारे 19 स्त्रियांची पाळी कधी ना कधी बंद पडली होती. निरोगी स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत 2 होते.

म्हणून पाळी चुकली की गव्हालाच दोष द्यावा असे नाही. थायरॉईड, पीसीओडी, एकदम घटलेले वजन, परीक्षेचा ताण ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण पाळीच्या तक्रारीबरोबर न हटणारा रक्तक्षय, जुलाब, पोटफुगी किंवा खुंटलेली वाढ असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

आपल्याकडे तो सहसा विचारला जात नाही. ‘हा उत्तरेकडचा आजार’ असा समज आहे आणि त्याला आधारही आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत उत्तरेत हजारी आठ-नऊ जणांना सिलिएक आढळला, दक्षिणेत मात्र अगदी तुरळक. गंमत अशी, की या आजाराला पोषक असलेली जनुके दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दक्षिणेत पंचवीस ग्रॅम!

आपला हुबळी-धारवाडचा मुलूख ज्वारीचा. पण आता भाकरी थापण्याचा कंटाळा आणि पोळीची प्रतिष्ठा, दोन्ही वाढले आहे. डब्यात चपाती, चहाबरोबर बिस्किट, संध्याकाळी पाव. त्यामुळे ‘आपल्याकडे नसतो’ यावर विसंबून राहणे बरे नव्हे.

इथे खपली गव्हाविषयी सांगायलाच हवे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने खपलीचे चांगले वाण दिले आहेत आणि सणाची हुग्गी खपलीचीच गोड लागते. पण “खपली पचायला हलका, तो चालतो” हा सल्ला सिलिएक रुग्णाला देऊ नका. खपली हाही गहूच. त्यातही ग्लुटेन असते.

दुसरी चूक म्हणजे शंका येताच मनाने गहू बंद करणे. गहू खाणे चालू असतानाच टीटीजी नावाची रक्ततपासणी करावी लागते; गरजेनुसार दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासतात. आधीच गहू सोडला तर तपासणी निर्दोष येऊन फसगत होऊ शकते. निदान झाल्यावर मात्र पथ्य जन्मभराचे. सख्ख्या भावंडांनी आणि आईवडिलांनीही तपासून घ्यावे, कारण हा आजार घराण्यात उतरतो.

पथ्य तसे आपल्या हातचेच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा सगळे चालते. सांभाळायचे ते बारीकसारीक. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ मिसळते, म्हणून घरी दळणे उत्तम. बाजारच्या खड्या हिंगात बहुधा मैदा असतो. पोळपाट आणि तवाही वेगळा हवा. पथ्य नेटाने पाळल्यावर आतडे हळूहळू सावरते, आणि पाळीच्या तक्रारीमागे हेच कारण असेल तर तीही मार्गावर येण्याची चांगली आशा असते.

खरी अडचण स्वयंपाकघरात नाही, लोकांच्या नजरेत आहे. “मुलगी पोळी खात नाही” हे पाहुण्यांना सांगायला आपण कचरतो. लपवून सासरी पाठवलेल्या मुलीला पहिल्याच सणाला पुरणपोळीचा आग्रह होतो आणि ती मुकाट्याने खाते. त्यापेक्षा आधीच स्वच्छ सांगावे. ज्या घराला सुनेच्या ताटातली भाकरी खुपते, त्या घराची ओळख लग्नाआधी झालेली बरी, नाही का?